साथीचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साथ पसरते कशी आणि पुढे कुठे जाईल, हे संख्याशास्त्राच्या आधारे कसं ओळखतात, याबद्दल आरोग्य कर्मचारी, विद्यार्थी, पत्रकार आणि इतर वाचक सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साथीचं मॉडेल म्हणजे नेमकं काय?

रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो याबद्दलची आपली समजूत गणितात मांडली की मॉडेल तयार होतं. सर्वांत प्रसिद्ध मॉडेलमध्ये लोकसंख्येचे तीन गट असतात: ज्यांना अजून संसर्ग होऊ शकतो ते, सध्या बाधित असलेले आणि बरे होऊन (किंवा दगावून) साखळीतून बाहेर पडलेले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एसआयआर मॉडेल म्हणतात. रोज किती लोक पहिल्या गटातून दुसऱ्यात जातात आणि किती दुसऱ्यातून तिसऱ्यात, एवढाच त्याचा हिशोब.

यात संख्याशास्त्र कुठे येतं? संसर्गाचा वेग कुणालाच थेट दिसत नाही. आपल्या हाती असतात फक्त नोंदवलेले रुग्ण, तेही उशिरा आलेले आणि अपुरे. त्या नोंदींवरून खरा वेग किती असावा आणि त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा, हे ठरवणं हे संख्याशास्त्राचं काम. माझ्या मते अवघड भाग हाच आहे. समीकरणं त्या मानाने सोपी.

२. आर-नॉट आणि नुसता आर, यांत फरक काय?

कुणालाच प्रतिकारशक्ती नाही आणि कुणी काळजीही घेत नाही, अशा लोकसंख्येत एक बाधित सरासरी किती जणांना संसर्ग देईल, तो आकडा म्हणजे आर-नॉट. गोवरासाठी तो साधारण १२ ते १८ मानला जातो, कोविडच्या सुरुवातीच्या विषाणूसाठी २ ते ३ च्या आसपास होता.

आज, या परिस्थितीत, एक बाधित सरासरी किती जणांना संसर्ग देतो आहे ते नुसता आर सांगतो. लसीकरण, मास्क, शाळांची सुट्टी, आधीच्या लाटेतून आलेली प्रतिकारशक्ती या सगळ्यांमुळे तो खाली येतो. तो १ च्या वर असेल तर साथ वाढते, खाली गेला तर ओसरते. बातमीत ‘आर ०.९ वर’ असं आलं तर तो हा आर असतो.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: आर-नॉट हा केवळ विषाणूचा गुणधर्म नाही, त्यात लोकांची राहणीही मिसळलेली असते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहतात तिथला आर-नॉट आणि विरळ वस्तीतल्या शेतघरांमधला आर-नॉट एक असू शकत नाही.

३. हे मला स्वतः करून पाहता येईल का? कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

साधी स्प्रेडशीट पुरते. १,००० वस्तीचं गाव घ्या. पहिल्या ओळीत संसर्ग होऊ शकणारे ९९९, बाधित १, बरे झालेले ०. रोजचे नवे बाधित = ०.४ × बाधित × (संसर्ग होऊ शकणारे ÷ १,०००). रोज बरे होणारे = ०.२ × बाधित. पुढच्या ओळीत बेरीज-वजाबाकी करा आणि सूत्र शंभरेक ओळी खाली ओढा.

इथे आर-नॉट ०.४ ÷ ०.२ म्हणजे २ आहे. सुरुवातीला बाधित रोज २० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे चार दिवसांच्या आतच दुप्पट होतात. शिखराच्या दिवशी गावात एकाच वेळी साधारण दीडशे माणसं बाधित असतात. आता ०.४ च्या जागी ०.३ टाका. शिखर खाली येतं, पुढेही सरकतं. २०२० मध्ये आलेख सपाट करण्याबद्दल आपण जे ऐकत होतो ते असं पाच मिनिटांत डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते हे प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एकदा तरी करून घ्यायला हवं.

खऱ्या नोंदींवर काम करायचं असेल तर ‘आर’ नावाची संगणकीय भाषा किंवा पायथन शिका, दोन्ही फुकट आहेत. ‘आर’मधलं एपीएस्टिम हे पॅकेज रोजच्या रुग्णसंख्येवरून आरचा अंदाज काढतं.

४. आर-नॉट २ असेल तर ५० टक्क्यांवर हर्ड इम्युनिटी (सामूहिक प्रतिकारशक्ती) येते म्हणतात. मग प्रश्न ३ मधल्या गावात ८०० जणांना संसर्ग का झाला?

स्प्रेडशीटच्या तळाशी गेलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. ५० टक्क्यांना प्रतिकारशक्ती आली की आर १ वर येतो आणि तिथून बाधितांची संख्या उतरू लागते. पण त्या दिवशी गावात दीडशे बाधित आहेतच. त्यांच्याकडून संसर्ग होत राहतो, फक्त संसर्गाच्या प्रत्येक फेरीत आधीपेक्षा कमी. थांबेपर्यंत एकूण ८०० च्या आसपास लोक बाधित होऊन जातात. तोच ५० टक्क्यांचा टप्पा लसीने आधीच गाठलेला असता तर साथ पेटलीच नसती. ‘होऊन जाऊ दे सगळ्यांना’ या धोरणाची खरी किंमत या फरकात आहे.

आणखी एक. हा टप्पा १ वजा (१ ÷ आर-नॉट) या सूत्राने निघतो, त्यामुळे गोवरासाठी तो ९२ ते ९४ टक्के येतो. पण सूत्र असं धरून चालतं की सगळे सगळ्यांत सारखे मिसळतात. जिल्ह्याचं सरासरी लसीकरण ९० टक्के आणि एका वस्तीत ६० टक्के असेल, तर गोवर ती वस्ती बरोबर शोधून काढतो. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी परिसरात उद्रेक झाला तेव्हा शहराची सरासरी त्या मुलांच्या कामी आली नाही.

५. या मॉडेलचा मुंबईच्या प्लेगशी संबंध आहे असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागातल्या रुग्णांना प्लेग झाल्याचं ओळखलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. तिथून पुढे कित्येक वर्षं प्लेग शहरात येत-जात राहिला. पुण्यात त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. या सगळ्या काळात मुंबईत प्लेगच्या मृत्यूंची आठवड्यागणिक नोंद ठेवली जात होती.

१९२७ मध्ये एडिंबरामधल्या दोघांनी साथीच्या गणिताचा पाया घालणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एक होते विल्यम कर्मॅक, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले रसायनशास्त्रज्ञ. दुसरे अँडरसन मॅकेन्ड्रिक, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. आपलं समीकरण प्रत्यक्षाशी जुळतं हे दाखवायला त्यांनी मुंबईचे आकडे घेतले: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याचे मृत्यू. त्यांच्या सूत्रानुसार शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यूंवर येतं. सूत्राची रेघ आणि नोंदींचे ठिपके एकमेकांवर इतके छान बसतात की आजही हा आलेख वर्गात दाखवतात.

६. म्हणजे आलेख इतका जुळला तर मॉडेल बरोबर ठरलं, नाही का?

नाही. मुंबईचा हाच आलेख त्याचं उत्तम उदाहरण आहे.

एसआयआर मॉडेल म्हणतं, संसर्ग होऊ शकणारी माणसं संपत आली म्हणून साथ उतरली. आता कर्मॅक-मॅकेन्ड्रिक यांच्या सूत्राखालच्या सगळ्या आठवड्यांची बेरीज करा. एकूण मृत्यू येतात ८,९००. मुंबई तेव्हा आठ-दहा लाखांचं शहर होतं आणि उपचाराविना गाठीचा प्लेग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं दगावत. म्हणजे त्या हंगामात प्लेग झाला तो शंभरात फार तर एक-दोघांना. एवढ्याने ‘माणसं संपली’ कशी?

साथ उतरण्याची कारणं दुसरीकडे होती. गाठीचा प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेले की त्यांच्या पिसवा माणसांकडे वळतात, आणि उन्हाळा तापला की पिसवा तग धरत नाहीत. म्हणून मुंबईत प्लेग दरवर्षी जवळपास त्याच महिन्यांत चढायचा आणि उतरायचा. उंदरांची आणि ऋतूची गुंतागुंत आपल्या समीकरणात पूर्णपणे येत नाही, हे लेखकांनी स्वतःच नोंदवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी आलेख लक्षात ठेवला, ही नोंद विसरल्या.

घंटेच्या आकाराचा चढ-उतार अनेक वेगवेगळ्या कारणांनी तयार होऊ शकतो. त्यामुळे कुणी मॉडेल दाखवलं तर नुसतं ‘जुळतंय का’ विचारून थांबू नका. यातले आकडे वास्तवात शक्य आहेत का, उतरण्याचं कारण कोणतं धरलंय आणि त्याच कारणामुळे आणखी काय दिसायला हवं होतं, हेही विचारा.

७. ‘रुग्ण दहा दिवसांत दुप्पट होतायत’ यावरून आर काढता येतो का?

एकट्या त्या माहितीवरून नाही. एका रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून त्याच्यामुळे आजारी पडलेल्याला लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात, तेही माहीत असावं लागतं.

दहा दिवसांत दुप्पट म्हणजे रोज साधारण ७ टक्के वाढ. हा मधला काळ ३ दिवसांचा असेल (फ्लूसारखा) तर आर सुमारे १.२ येतो. ५ दिवसांचा असेल तर १.४. गोवरासारखा ११-१२ दिवसांचा असेल तर २ च्याही वर. वाढ तीच, पण रोखायला लागणारं बळ अगदी वेगळं. नवा रोग आल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत वेगवेगळ्या गटांचे आरचे आकडे जुळत नाहीत याचं एक मोठं कारण हेच असतं.

८. गेल्या तीन-चार दिवसांत आलेख खाली आलाय. साथ ओसरली असं म्हणायचं का?

थांबा. आधी बघा, आलेख कोणत्या तारखेवर काढलाय. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवर असेल, तर शेवटचे काही दिवस जवळजवळ नेहमीच खाली पडलेले दिसतात.

सोमवारी ताप आलेला माणूस घरी पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस काढतो. गुरुवारी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) येतो. नमुना शुक्रवारी निघतो, शनिवार-रविवार प्रयोगशाळेत माणसं कमी, अहवाल मंगळवारी. म्हणजे त्याची सोमवारची नोंद आपल्या आलेखात आठ दिवसांनी उमटते. तोवर तो सोमवार रिकामा-रिकामा दिसतो.

याची दुरुस्ती करता येते, तिला नाऊकास्टिंग म्हणतात. आधीच्या महिन्यांच्या नोंदींवरून बघायचं की लक्षणांनंतर तिसऱ्या दिवसापर्यंत एकूण रुग्णांपैकी किती कळलेले असतात. समजा ४० टक्के. आज तीन दिवसांपूर्वीच्या तारखेला २४ रुग्ण दिसतायत, तर खरा आकडा २४ ÷ ०.४ म्हणजे ६० च्या आसपास असावा. अर्थात ६० हाही अंदाजच. तो ४५ ते ८० असा पट्ट्यात सांगायला हवा, आणि तारीख जितकी अलीकडची तितका पट्टा रुंद.

उलट, आलेख अहवालाच्या तारखेवर असेल तर दर सोमवारी घसरण आणि मंगळवार-बुधवारी उसळी दिसते, कारण सुट्टीतलं तुंबलेलं काम तेव्हा नोंदलं जातं. त्यासाठी सात दिवसांची सरासरी घेतात. ती ठीक आहे, पण तिच्यामुळे वळण तीन-चार दिवस उशिरा दिसतं हे विसरू नका.

९. रुग्ण वाढले की नुसत्या तपासण्या वाढल्या, हे कसं ओळखायचं?

तपासण्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह आल्या ते बघा. तपासण्या दुप्पट झाल्या आणि टक्केवारी घसरली, तर वाढीचा काही भाग तपासण्यांमुळे असण्याची शक्यता आहे. तपासण्या वाढूनही टक्केवारी चढत असेल तर साथ नक्की वाढतेय. पण तपासणी कुणाची होते ते मधेच बदललं, उदाहरणार्थ आधी फक्त तापाचे रुग्ण आणि नंतर रेल्वेने येणारा प्रत्येक प्रवासी, तर आधीच्या आणि नंतरच्या टक्केवारीची तुलना करता येत नाही. अशा वेळी रुग्णालयात भरती होणाऱ्यांचा आकडा जास्त विश्वासाचा.

१०. एकाच रोगाचा मृत्युदर कुणी १ टक्का सांगतं, कुणी ४. खरं कोण?

कधीकधी दोघंही आपापल्या भागाकारात बरोबर असतात. समजा रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होतायत, या आठवड्यात १,००० आढळले आणि १० दगावले. भागाकार १ टक्का. पण दगावलेले साधारण दोन आठवड्यांपूर्वी आजारी पडलेले, आणि तेव्हाचे रुग्ण होते २५०. मग दर येतो ४ टक्के. साथ चढत असताना पहिला भागाकार नेहमी खोटा दिलासा देतो.

दुसऱ्या बाजूला, सौम्य आजाराचे कितीतरी लोक तपासणीला येतच नाहीत, त्यामुळे ४ टक्केही फुगलेला असू शकतो. सगळ्या बाधितांमागे मृत्यू किती, हे कळायला सिरो सर्वेक्षण लागतं (प्रश्न ११).

११. सिरो सर्वेक्षणावर किती विश्वास ठेवावा?

बराच, पण दुरुस्ती करून. रक्तातली प्रतिपिंडं बघून आजवर किती जणांना संसर्ग होऊन गेला ते यातून कळतं. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी केलेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांमधल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली, इतर वस्तीत १६ टक्के. एका शहरात, एकाच महिन्यात दोन वेगळ्या साथी चालू होत्या. रोजच्या रुग्णसंख्येवरून हा फरक कधीच दिसला नसता.

दुरुस्ती का लागते ते बघा. १,००० जणांपैकी खरोखर १० जणांना संसर्ग होऊन गेलाय. चाचणी त्यांतले ९ बरोबर ओळखते. पण उरलेल्या ९९० पैकी २ टक्क्यांनाही ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे आणखी २०. एकूण २९. खरं प्रमाण १ टक्का, चाचणीचं उत्तर जवळपास ३ टक्के. रोग जितका विरळ तितकी ही चूक मोठी. मुंबईसारखं ५७ टक्के प्रमाण असतं तेव्हा ती फारशी जाणवत नाही.

१२. आर २ म्हणजे प्रत्येक रुग्ण दोघांना संसर्ग देतो, बरोबर?

सरासरी दोघांना. प्रत्यक्षात सार्स किंवा कोविडसारख्या रोगांत बहुतेक रुग्ण कुणालाच देत नाहीत आणि थोडे जण खूप लोकांना देतात.

याचा परिणाम मोठा असतो. आर २ आहे आणि एक बाधित माणूस गावात आला. सगळे साधारण सारखाच संसर्ग देत असतील, तर पाचांत एखाद्या वेळीच साथ आपोआप विझेल. पण संसर्ग फार असमान वाटला गेलेला असेल, तर दहांत जवळजवळ नऊ वेळा ती विझते. आणि उरलेल्या एका वेळी मात्र झपाट्याने भडकते. शेजारच्या दोन तालुक्यांत एकीकडे साथ पेटली, दुसरीकडे काहीच नाही, याला दरवेळी प्रशासनाचं श्रेय किंवा दोष देता येत नाही.

लग्नाचा हॉल, बंदिस्त सभागृह, वारीतला राहुट्यांमधला मुक्काम अशा जागांना मॉडेलमध्ये वेगळं स्थान द्यावं लागतं ते यामुळेच. तिथे सरासरीचा उपयोग नसतो.

१३. डेंगी-मलेरियालाही हेच मॉडेल चालतं का?

डासांचा गट वेगळा जोडावा लागतो. डासाने बाधित माणसाला चावायचं, विषाणू डासाच्या शरीरात वाढायला डेंगीत साधारण ८ ते १२ दिवस जायचे आणि तोवर तो डास जगलेला असायला हवा. मग तो दुसऱ्याला चावणार. पाऊस, साचलेलं पाणी, अळ्या, डास, रुग्ण असा हा प्रवास असल्याने पाऊस आणि रुग्णवाढ यांत काही आठवड्यांचं अंतर राहतं.

हे गणित सुरू केलं रोनाल्ड रॉस यांनी. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे तेच. डास पूर्ण नष्ट होऊ शकत नाहीत, मग प्रयत्न कशाला, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. त्यांनी गणिताने दाखवलं की डासांचं माणसामागचं प्रमाण एका ठरावीक पातळीखाली नेलं तरी मलेरिया टिकत नाही. पिंपं-रांजण रिकामे करून आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्यामागे हाच विचार आहे. डासाला दोनदा चावावं लागतं, म्हणून मच्छरदाणीने चावे निम्मे झाले तर प्रसार निम्मा न होता जवळपास पावपट होतो.

१४. प्रत्येक साथीला आर असतो का?

नाही. माणसाकडून माणसाकडे साखळी चालत नसेल तर आर काढण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. पोटाच्या संसर्गानंतर काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. तिथे ‘किती दिवसांत दुप्पट’ विचारून हाती काही लागत नाही. रुग्ण कोणतं पाणी पीत होते, हा तिथला प्रश्न.

१५. हातात फक्त रुग्णांची यादी आहे. संसर्ग कुठून आला हे आकडे सांगू शकतात का?

कधीकधी सांगतात. माझं सर्वांत आवडतं उदाहरण पुन्हा मॅकेन्ड्रिक (प्रश्न ५) यांचंच आहे, १९२६ मधलं.

भारतातल्या एका खेड्यात कॉलरा आला. घरं २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. सगळ्या गावाला धोका सारखाच होता असं धरलं, तर संभाव्यतेच्या नियमाने (पॉयसाँ वितरण) एकच रुग्ण असलेली घरं ५८ च्या आसपास हवी होती, तीन रुग्णांची एक किंवा दोन. प्रत्यक्षात ३२ आणि ६. अजिबात जुळत नाही.

मग मॅकेन्ड्रिक यांनी शून्य रुग्णांची घरं बाजूला ठेवली. शून्य दोन प्रकारचं असू शकतं: धोका होता पण नशिबाने वाचले, आणि मुळात धोकाच नव्हता. उरलेल्या ५५ घरांच्या आकड्यांवरून धोक्यात असलेली एकूण घरं किती असावीत याचा त्यांनी अंदाज काढला. उत्तर आलं ९३. आता ताडून बघा. ९३ घरांत ८६ रुग्ण असतील तर एक रुग्णाची ३४ घरं अपेक्षित, दोनची १६, तीनची ५, चारचं १. खऱ्या आकड्यांशेजारी ठेवलं तर चकित व्हायला होतं.

म्हणजे उरलेल्या १३० घरांपर्यंत कॉलरा पोहोचलाच नव्हता. मॅकेन्ड्रिक यांनी तर्क केला की गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरं एकाच दूषित विहिरीचं पाणी पीत असावीत. गावात चौकशी केल्यावर तशी एक विहीर सापडली.

इथे मुंबईच्या आलेखाशी (प्रश्न ६) तुलना करून बघण्यासारखी आहे. तिथे सूत्र जुळलं आणि लोक थांबले. इथे सूत्र आधी जुळलं नाही, ते का जुळत नाही याचा विचार झाला, आणि निघालेला तर्क गावात जाऊन तपासला गेला.

१६. मोठमोठ्या संस्थांचे अंदाज इतके चुकतात, मग विश्वास का ठेवायचा?

दोन प्रकार वेगळे करायला हवेत. काहीच केलं नाही तर काय होईल, असं सांगणारा अंदाज हा इशारा असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की उपाय झाले नाहीत, तर जानेवारी २०१५ पर्यंत लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाचे १४ लाखांपर्यंत रुग्ण होऊ शकतात. पश्चिम आफ्रिकेतल्या साथीचा शेवटचा आकडा सुमारे २८,६०० राहिला, कारण मधल्या काळात उपचार केंद्रं उभी राहिली, सुरक्षित दफनविधी सुरू झाले, लोकांनी वागणं बदललं. याला चूक म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरा प्रकार मात्र खरोखर पुढचं सांगणारा. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की देशात साथीचं शिखर सप्टेंबरमध्ये होऊन गेलं आणि काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ अखेर साथ अगदी थोडी उरेल. फेब्रुवारीतच अमरावती-अकोल्यात रुग्ण वाढू लागले, एप्रिलमध्ये महाराष्ट्रात एका दिवसाचे रुग्ण ६८ हजारांवर गेले आणि मे महिन्यात देशाने दिवसाला चार लाखांचा टप्पा ओलांडला. झपाट्याने पसरणारा नवा विषाणूप्रकार त्या गणितात नव्हता. ‘जर’ने सुरू होणारी अटच माध्यमांमधून आणि लोकांच्या बोलण्यातून गळून गेली, आणि ऑक्सिजनसाठी धावणाऱ्या कुटुंबांनी त्याची किंमत मोजली. अट अंदाजाच्या त्याच वाक्यात, आकड्याला चिकटून लिहिली गेली पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे.

१७. किती दिवस पुढचं खात्रीने सांगता येतं?

साधारण दोन ते चार आठवडे, तेही पट्ट्यात. त्यापुढे लोकांचं वागणं, सरकारी निर्णय आणि विषाणू स्वतः बदलतो. सहा महिन्यांनंतरच्या शिखराची तारीख कुणी नेमकी सांगत असेल तर ती घेऊ नका. साथ नुसती चढत असताना शिखराची उंची त्या आकड्यांमध्ये दडलेलीच नसते. दोन अगदी वेगळी भविष्यं सुरुवातीच्या त्याच चढाशी जुळतात.

१८. आता एआय आहे. मग ही जुनी समीकरणं कशाला?

कमी मुदतीच्या अंदाजांत मशीन लर्निंगचा उपयोग होतो. पण गूगल फ्लू ट्रेंड्सचं उदाहरण लक्षात असू द्या. लोक काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज करणारी ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. २०१२-१३ च्या हंगामात तिने डॉक्टरांकडे गेलेल्या फ्लूसदृश रुग्णांचं प्रमाण प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट सांगितलं, आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. रोगाची चर्चा आणि रोग यांत फरक करायला तिच्याकडे कोणतीही यंत्रणा नव्हती. शिवाय लस आधी कुणाला द्यावी, शाळा बंद ठेवल्या तर काय होईल, या प्रश्नांसाठी प्रसार कसा होतो हे मांडणारं मॉडेलच लागतं.

१९. रुग्ण तपासणीला येतच नाहीत. मग मोजायचं कसं?

सांडपाण्यातून. संसर्ग झालेल्यांच्या विष्ठेतून विषाणूचे अंश गटारात जातात, त्याला कुणी दवाखान्यात यावं लागत नाही. मुंबईत पोलिओसाठी २००१ पासून असे नमुने घेतले जातात, पुण्यात कोविडच्या काळात हे काम झालं. यातून रुग्णांची नेमकी संख्या काढणं कठीण, कारण पावसात सांडपाणी पातळ होतं आणि अनेक वस्त्या गटारांना जोडलेल्याच नाहीत. चढ की उतार, आणि कोणता विषाणूप्रकार, एवढं मात्र चांगलं कळतं.

२०. मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या नोंदींमधला कोणता रकाना खरंच कुणी वापरतं?

ताई, सगळ्यांत आधी लक्षणं सुरू झाल्याची तारीख. देशाच्या रोगसर्वेक्षण व्यवस्थेत तीन प्रकारचे तक्ते येतात: आरोग्य कर्मचाऱ्यांचा संशयितांचा, डॉक्टरांचा संभाव्य रुग्णांचा आणि प्रयोगशाळेचा खात्री झालेल्यांचा. लॅबच्या तक्त्यात तारीख असते ती नमुन्याची. ताप कधी आला हे घरी जाऊन विचारणाऱ्यालाच कळतं. ती तारीख नसेल तर प्रश्न ७ आणि ८ मधलं काहीच करता येत नाही. रुग्णाला नेमकी तारीख आठवत नसेल तर बाजाराचा दिवस, एकादशी, गावातलं लग्न यांचा आधार घेऊन विचारा आणि तारखेपुढे ‘अंदाजे’ लिहा. नोंदवलेल्या दिवसाचीच तारीख त्या रकान्यात टाकू नका. रिकामा रकाना गणितात सांभाळून घेता येतो, चुकीची तारीख ओळखताच येत नाही.

दुसरं, वस्तीचं नाव आणि पिण्याचं पाणी कुठलं: कोणती विहीर, कोणती टाकी, टँकर असेल तर कुठला. आणि तिसरं, एकही रुग्ण सापडला नाही त्या आठवड्यात शून्य लिहा. कोरा कागद आला तर रुग्ण नव्हते की फेरी झाली नाही, हे वर बसलेल्या कुणालाच सांगता येत नाही.